तडकलेली फ्रेम आणि विकणाऱ्याचे मौन

सायकलीची फ्रेम तडकली म्हणजे खर्चाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो दुकानात सुटतो. त्यापाठोपाठ दुसरा एक प्रश्न येतो, तो मात्र दुकानात सुटत नाही. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयीन तरुणाने तो नुकताच आमच्यापुढे मांडला. डोंगरवाटांवर चालवावयाची जाड टायरांची सायकल, जिला माउंटन बाइक म्हणतात, ती तो वापरतो. रविवारची मिस्सा आटोपली की दोघेचौघे मित्र उणकलजवळच्या नृपतुंग टेकडीकडे किंवा धारवाडपलीकडच्या तांबड्या मातीच्या गाडीवाटांनी निघतात. एके दिवशी सायकल धुताना, खालची दांडी हँडलखालच्या नळीस जेथे जोडलेली असते तेथे, त्यास केसासारखी एक रेषा दिसली. कंपनीने हमीप्रमाणे नवी फ्रेम दिली खरी. पण ती नव्या घडणीची असल्यामुळे तीत त्याचे मागचे चाक बसेना. जुन्या घडणीत मागच्या आसाची जागा १३५ मिलिमीटर असे, आता पुष्कळ फ्रेमांत ती १४८ मिलिमीटर असते. शेवटी त्याने जुळणारी फ्रेम अन्यत्र विकत घेतली. घरात आता नको असलेल्या दोन फ्रेमा आहेत, एक कोरी व एक तडकलेली. कोणी त्यास सुचविले की चिरेत पुट्टी भरून वर रंग मारू आणि दोन्ही विकून टाकू. तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, गिऱ्हाइकाने विचारलेच नाही तर मी आपण होऊन सांगितलेच पाहिजे का?"

प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी ती केसासारखी रेषा म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. हुबळी हे रेल्वेचे गाव. येथल्या पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ रेल्वेच्या कारखान्यावर चालत आला आहे, तेव्हा आमच्या वाचकांस हे सांगणे कठीण नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर आदळून पेटले व पन्नासांहून अधिक माणसे दगावली. चांगला भक्कम दिसणारा आस मोडतो कसा, हे कोडे पुढे कित्येक वर्षे विद्वानांना पडले होते. आउगुस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५० नंतरच्या दोन दशकांत प्रयोग करून दाखविले की, धातू एका मोठ्या घावानेच मोडतो असे नाही. त्या घावाहून पुष्कळ लहान असे हिसके लक्षावधी वेळा बसत गेले, तरीही तो मोडतो. प्रथम सूक्ष्म चीर पडते, ती प्रत्येक हिसक्यासरशी कणाकणाने पुढे सरकते, आणि उरलेल्या धातूस भार पेलवेनासा झाला की एका क्षणात सारे संपते. याचसाठी आज रेल्वेत आसांची तपासणी ध्वनिलहरींनी करतात. चीर आढळलेला आस पुन्हा गाडीखाली जात नाही, मग तो वरून कितीही झळझळीत असो.

आता आपल्या वडिलांच्या काळची काळी सायकल पोलादी नळ्यांची होती. तिचा सांधा उकलला तर पितळेचा डाख देऊन कारागीर ती पुन्हा रस्त्यावर आणी, व ती वर्षानुवर्षे चाले. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. पोलादाला एका मर्यादेच्या आतील हिसके कितीही सोसवतात. ॲल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाही, लहान हिसकेही त्याच्या खाती जमा होत राहतात. शिवाय ज्या मिश्रधातूच्या फ्रेमा सामान्यतः बनवितात त्यास जोडकाम झाल्यावर भट्टीत सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, एकदम निववून, पुन्हा मंद आचेवर कित्येक तास ठेवावे लागते. तेव्हा कोठे त्यास बळ येते. रस्त्याकडेच्या वेल्डिंगने चीर बुजते, पण तिच्या भोवतालचा धातू मऊ पडतो. त्या कारागिराच्या हातात दोष नाही. त्याच्यापाशी ती भट्टी नाही एवढेच.

ती रेषा रंगाची आहे की धातूची, असा संशय असल्यास जुन्या रेल्वे कारखान्यांतील एक युक्ती उपयोगी पडेल. तेथला रंग खरवडून पातळ तेल लावावे, थोड्या वेळाने स्वच्छ पुसून वर खडूची पूड लावावी. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटविते. रेघ उमटली तर संशय संपला. न उमटली तरी मात्र निश्चिंत होऊ नये.

आता कायदा. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा, आणि आश्चर्य असे की त्याच्या सतराव्या कलमात हाच प्रश्न घोड्याच्या रूपाने मांडला आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालकाने तो लिलावात विकला व तोंडातून चकार शब्द काढला नाही, तर ती फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. परंतु लगेच पुढचे उदाहरण आहे: घेणारी व्यक्ती ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. परक्याशी मौन चालेल, मुलीशी चालणार नाही! आम्हांस हे कायद्याचे वैगुण्य वाटत नाही. न्यायालयाने कोठवर हात घालावा याला सीमा हवीच. पण पुट्टी व रंग यांना या मौनाचाही आश्रय नाही, कारण दोष जाणूनबुजून झाकणे हे त्याच कलमाने फसवणूक ठरविले आहे.

या कायद्याच्या सहाशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनीही घोड्याचेच उदाहरण घेतले होते. त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खरेदीविक्रीतील लबाडीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणासही दिसते. विकणाऱ्याने त्याचा पुकारा करण्याची गरज नाही, किंमत तेवढी उतरवावी. परंतु दोष गुप्त असून त्यापासून हानी वा धोका संभवत असेल, मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून किंवा नासलेले अन्न चांगले म्हणून विकले जात असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. येथे घेणारा मुलगी आहे की परका, हा भेदच त्यांनी केलेला नाही. धारवाडला शिकावयास आलेला, वसतिगृहात राहणारा कोणी मुलगा स्वस्तात मिळते म्हणून ती रंगविलेली फ्रेम घेईल, आणि उतारावर हँडलखालची नळी तुटली म्हणजे तोंडावर पडेल. तोही कोणाचा तरी मुलगा आहेच.

तेव्हा तडकलेली फ्रेम विकू नये, फुकटही देऊ नये. 'चीर आहे' असे सांगून दिली तरी पुढचा माणूस तिसऱ्यास सांगेलच असे नाही.

कोऱ्या फ्रेमेविषयी मात्र आमच्या या तरुणाने उगाच संकोच बाळगू नये. ती खुशाल योग्य भावाने विकावी. ती आपणास का नको, हे सांगण्याचे बंधन त्यावर नाही. पुढे भाव उतरणार आहेत हे ठाऊक असूनही चालू भावाने विकणाऱ्यास संत थॉमस अन्यायी म्हणत नाहीत. सांगितले तर अधिक थोरपणा, इतकेच. परंतु मागच्या आसाचे माप, सीटच्या नळीचा व्यास आणि ब्रेकची बैठक कोणत्या जातीची, हे कागदावर लिहून द्यावे, नाहीतर आज जी अडचण त्यास पडली तीच उद्या घेणाऱ्यास पडेल. दुसरे असे की बहुतेक कंपन्यांची हमी पहिल्या मालकापुरतीच असते. ती पुढे चालत नाही हे पैसे घेण्यापूर्वी सांगावे, मागून नव्हे. खाली पायडलांच्या आसाजवळ ठोकलेला क्रमांक व कंपनीचे पत्र सोबत द्यावे, म्हणजे माल चोरीचा नाही याविषयी घेणाऱ्याचे मन स्वस्थ राहील.

आणि ती तडकलेली? आधी कंपनीस विचारावे, कारण काही कंपन्या ती परत मागतात, काही कापलेल्या फ्रेमेचे छायाचित्र मागतात. तसे काही नसेल तर बेअरिंगे व उपयोगी भाग काढून घ्यावेत, आणि लोखंडी करवतीने खालची दांडी मधोमध आरपार कापावी. वरची दांडीही कापावी. पंधरा मिनिटांचे काम आहे. मग ती भंगारवाल्याकडे न्यावी. तो किलोवर घेतो, आणि ॲल्युमिनियमला लोखंडाहून चांगला भाव मिळतो. फ्रेम दोन किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे हाती फार काही येणार नाही; परंतु तो धातू वितळून पुन्हा कामास येतो, आणि खनिजापासून नवा काढण्यास जी ऊर्जा लागते तिच्या जेमतेम विसाव्या हिश्श्यात हे काम होते.