नेटिव्ह प्लेस

आज मी कॉलेजात मराठी शिकवीत असलो, तरी माझ्या मास्तरकीचा श्रीगणेशा इंग्रजीने झाला, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मराठीची एम.ए. ताजी होती आणि नोकरीचा पत्ता नव्हता. अशात २००३ साली उल्हासनगरच्या एका हायस्कुलात इंग्रजीची जागा रिकामी झाली. ‘मराठी येते म्हणजे व्याकरण येते, व्याकरण येते म्हणजे इंग्रजीही येईल,’ असा सरळ हिशेब मांडून मला नववीच्या वर्गात उभे करण्यात आले. रोज बदलापूरला गाडी पकडायची, अंबरनाथपर्यंत धडा वाचायचा आणि उल्हासनगरपर्यंत अवघड शब्दांचे उच्चार घोकायचे, असा माझा क्रम. मुलांपेक्षा मास्तर एक स्टेशन पुढे, एवढाच काय तो फरक!

अशा मास्तरांचा सगळा भरवसा लाल शाईवर असतो. अंबरनाथच्या सहलीवर निबंध लिहायला दिला, तर एकूण एक वह्यांत शिवमंदिर ‘व्हेरी ब्युटिफुल’ निघाले. शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख मिरवणारे ते देऊळ मुलांनी एका विशेषणात आटोपले होते. पण स्पेलिंग बरोबर होते, म्हणून मीही बरोबरच्या खुणा करून मोकळा झालो.

पुढचा विषय होता, ‘माय नेटिव्ह प्लेस’. मागच्या बाकावरच्या एका सिंधी मुलाने सिंधमधल्या शिकारपूरवर लिहिले. तिथला छत घातलेला बाजार, लोणच्याच्या बरण्या, अंगणातला कडुनिंब आणि त्याखालची आजोबांची खाट. व्याकरणाच्या चुका पुष्कळ; पण ‘ब्युटिफुल’ हा शब्द नसलेली ती एकच वही होती. मला मात्र दिसली ती चूक. मुलाचा जन्म कॅम्प चारमधला, वडिलांचाही तिथलाच. मी निबंधावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘जिथे जन्मलास तिथले लिही.’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे आजोबा आले. वही टेबलावर ठेवून त्यांनी अगदी शांतपणे विचारले, “मास्टरजी, जहाँ पैदा हुए, गाँव वही होता है क्या?”

१९४७च्या फाळणीत बारा वर्षांचे असताना ते आईबापांबरोबर निघाले होते. महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत, एका बराकीत, त्यांचे बिऱ्हाड लागले. त्या ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले ते १९४९ साली. “घर गेले, दुकान गेले,” ते म्हणाले, “नातवाला द्यायला गावच तेवढे उरले होते.”

मला उत्तर सुचेना. परतीच्या गाडीत विचार करू लागलो. माझा जन्म कल्याणचा, बालपण बदलापूरचे. पण ‘तुमचे गाव कोणते?’ असे कुणी विचारले, की मी बेधडक राजापूर सांगतो. तिथे गणपतीचे चार दिवस सोडले, तर मी कधी राहिलेलो नाही! मराठीच्या एम.ए.ला ‘गाव’ या शब्दाचा अर्थ एका सिंधी म्हाताऱ्याने समजावून द्यावा लागला.

लाल शाई पुसता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला कोऱ्या पानावर तोच निबंध पुन्हा उतरवायला सांगितले आणि वर्गात वाचून दाखवायला लावला.

परवा तो उल्हासनगरच्या फलाटावर भेटला. त्याने मला ओळखले आणि भर गर्दीत वाकून नमस्कार केला. कापडाचे दुकान चांगले चालते, आजोबा जाऊन दहा वर्षे झाली, मुलगी चौथीत आहे, असे सारे सांगून झाल्यावर तो हसत म्हणाला, “सर, तिलाही शाळेत तोच निबंध आला होता. तिने कॅम्प चारवर लिहिला.”

“मग?” मी विचारले.

“मग काय! मी काही कापला नाही.”