विश्लेषण : रोइंगपटूंना आता अधिक ताकद का हवी?

पॅरिस २०२४ नंतर रोइंगमधील ‘लाइटवेट’ गट ऑलिम्पिकमधून वगळण्यात आला. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये शर्यतीचे अंतरही २००० ऐवजी १५०० मीटर असेल. भारतीय रोइंगपटूंसाठी याचा अर्थ काय?

लाइटवेट गट काय होता?
१९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा गट होता. त्यात पुरुष जोडीचे सरासरी वजन ७० किलोपेक्षा, तर एकाचे ७२.५ किलोपेक्षा जास्त चालत नसे. याच गटात अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग टोकियोत ११वे आले, तर हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. आता अशा खेळाडूंना उंच, वजनदार प्रतिस्पर्ध्यांशी खुल्या गटात झुंजावे लागेल.

ताकद कुठे उपयोगी पडते?
वल्हे हातात असले, तरी जोर आधी पायांचा, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा. २००० मीटरच्या शर्यतीत दोनशेहून अधिक वेळा वल्हे मारावे लागते. त्यासाठीची बहुतांश ऊर्जा दमश्वासातून येते. मात्र कमाल ताकद वाढली, की प्रत्येक फटक्याला तिचा लहान हिस्सा पुरतो आणि थकवा उशिरा येतो. थांबलेली बोट वेगात आणतानाही ताकदच लागते. अंतर घटल्याने या सुरुवातीचे महत्त्व वाढेल.

मग वजन वाढवणे पुरेसे?
नाही. वजन वाढले, की बोट पाण्यात अधिक बुडते आणि पाण्याचा अवरोध वाढतो. म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच पुल यांसारख्या व्यायामांतून फटक्याला उपयोगी पडेल अशीच ताकद कमवावी लागते. घाई केल्यास कंबरदुखी बळावते. सरावाचा ताण एकदम वाढला, तर बरगडीला सूक्ष्म तडेही जाऊ शकतात.

भारत कुठे आहे?
नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात आल्यावर रोइंगकडे वळला. रिओ २०१६ मध्ये खुल्या गटातील एकेरीत तो १३वा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघासह त्याने सुवर्ण जिंकले. पॅरिसमध्ये बलराज पन्वर एकेरीत २३वा आला. उंची घडवता येत नाही, ताकद येते. पण त्यासाठी वर्षे लागतात. त्यामुळे खेळाडूंची निवड, आहार आणि जिममधील शिस्तबद्ध सराव यांची सुरुवात कुमार वयातच व्हावी लागेल.