जोड्याच्या खोक्यांतलें दान

दान करणें मुलांना शिकवावें लागतें. माधुकरी मागावयास आलेल्या विद्यार्थ्याच्या झोळींत घरच्या मुलाच्या हातून पोळी घालविण्याची आपल्याकडे चाल होती, ती याचसाठीं. पण त्या विद्यार्थ्याचा चेहरा मुलाला दिसत असे. जो चेहरा कधींच दिसावयाचा नाहीं, त्याच्याविषयीं मुलाच्या मनांत माया कशी उपजावी? ब्रिटन व अमेरिकेंतील पुष्कळ कुटुंबांनीं या प्रश्नाला दिलेलें उत्तर आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

रुमानियाचा सत्ताधीश चाउशेस्कू यानें १९६६ सालीं गर्भपातावर कडक बंदी घातली व संततिनियमनाचीं साधनेंही दुर्मिळ केलीं. डिसेंबर १९८९ मध्यें त्याची राजवट कोसळली, तेव्हां गरीब आईबापांनीं टाकलेलीं हजारों मुलें अनाथगृहांत खितपत पडलेलीं जगाला दिसलीं. हीं दृश्यें पाहून वेल्समधील रेक्समचे डेव्ह कुक यांनीं १९९० च्या नाताळांत त्या मुलांना भेटी पोंचविण्याचें मनावर घेतलें. जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत लहानसहान वस्तु भरून मालमोटारींतून धाडावयाच्या, इतकी साधी ही योजना! पुढें १९९३ सालीं समॅरिटन्स पर्स ही अमेरिकन संस्था या कामांत पडली. तेव्हांपासून वीस कोटींहून अधिक खोकीं देशोदेशींच्या मुलांना मिळालीं आहेत.

नाताळापूर्वी सारें कुटुंब मेजाभोंवतीं जमतें. खोकें मुलासाठीं कीं मुलीसाठीं, वय २ ते ४, ५ ते ९ कीं १० ते १४, हें प्रथम ठरतें. मग वह्या, पेन्सिली, बाहुली, मोजे अशा वस्तु भरतात. वापरलेली वस्तु चालत नाहीं. खाऊ, पातळ पदार्थ व लढाईचीं खेळणीं वर्ज्य. आम्हांला विशेष वाटलें तें असें, कीं फुटबॉल द्यावयाचा तर हवा काढून, आणि सोबत हवा भरण्याचा पंप! पंपावांचून तो चेंडू तिकडे निरुपयोगी, हें ज्या मुलाला सुचलें, तें घडीभर दुसऱ्याच्या घरीं जाऊन आलें, असें आम्ही म्हणूं.

मात्र एक गोष्ट आम्हांला खटकते. हीं खोकीं तेथील चर्चमार्फत वाटलीं जातात. सोबत येशूविषयींची पुस्तिका व पुढें धर्मपाठाचें निमंत्रणही मिळतें. संस्था हें लपवीत नाहीं, हें खरें. पण भुकेल्या बालकाला खेळणें देतांना त्याच्या श्रद्धेवर डोळा असूं नये. परतफेडीची आशा न धरतां, देणें हें कर्तव्य म्हणून दिलेलें दान गीतेनें सात्त्विक म्हटलें आहे; फलावर दृष्टि ठेवून दिलेलें तें राजस.

तथापि दुसऱ्याचे दोष काढतांना आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेलीं दात्यांचीं नांवें आपण विसरूं नयेत! धर्माचा प्रसार काय किंवा नांवाचा प्रसार काय, दानाला लागलेली कीड एकच.

येत्या दिवाळींत आपल्या मुलांपुढें एक रिकामें खोकें ठेवून पाहावें. त्यांत काय घालावें, हें त्यांनाच ठरवूं द्यावें. वडीलधाऱ्यांनीं इतकेंच पाहावें, कीं आंत चेंडूबरोबर पंप आहे आणि वर आपलें नांव नाहीं.