नोकऱ्या किती, त्याआधी कोणत्या?



सिंदी (रेल्वे) येथील ड्रायपोर्ट झाला की वर्धा जिल्ह्यातला रोजगार दुप्पट होईल, असे भाकीत गेल्या अंकातील पत्रलेखकांनी केले आहे. दुप्पट, पण कोणाचा? ट्रकचालकांचा, हमालांचा, की कस्टम्सचे कागद करणाऱ्या कारकुनांचा? आयटीआयमध्ये कोणता ट्रेड वाढवायचा, हे उद्योगाच्या नावावरून ठरत नाही. त्यासाठी कामाचे नाव लागते.

आमच्या हिंगणघाटचेच घ्या. जिनिंग-प्रेसिंग जोरात चालले म्हणून नोकऱ्या वाढल्या, असे धरता येत नाही. काम हंगामी, शिवाय कापूस रेच्यांपर्यंत यंत्राने जाऊ लागला की तेवढ्याच गाठींना कमी हात पुरतात. उलट सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथल्या मोठ्या रुग्णालयांना परिचारिका, लॅब टेक्निशियन बारमाही लागतात. पत्रलेखकांच्या हिशेबात या नोकऱ्या नाहीतच! दवाखाना बहुधा त्यांना उद्योग वाटत नसावा.

आकडेच नाहीत, ही सबबही पुरेशी नाही. १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना सेवायोजन कार्यालयाकडे विवरणपत्रे देणे बंधनकारक केले. त्यांतले एक व्यवसायनिहाय होते. जानेवारी २०२५पासून केंद्राच्या श्रमबल पाहणीतही नमुना जिल्हावार निवडला जातो. एकट्या वर्ध्याचा नमुना लहानच, पण जुन्या विवरणपत्रांशी ताडून व्यवसायवार कच्चा तक्ता नक्की बनेल. आयटीआयचे प्रवेश सुरू होण्याआधी जिल्हा प्रशासनाने तो प्रसिद्ध करावा.

— एक वाचक, हिंगणघाट