निळ्यापुढे निळा
३० जून २०१९ रोजी बर्मिंगहॅमला क्रिकेट विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध भारतीय संघ नारिंगी पाठीच्या गणवेशात उतरला. दोघांचाही रंग निळा. फुटबॉलच्या धर्तीवर यजमानाने तो ठेवायचा, पाहुण्याने बदलायचा. सामन्यापूर्वीच आमदार अबू आझमी यांनी त्यात भगवेकरण वाचले. हे वाचन हास्यास्पद होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९७८ साली अर्जेंटिनात फ्रान्स व हंगेरी दोघेही पांढरे सदरे घेऊन आले, तेव्हा फ्रान्स एका स्थानिक क्लबचे हिरवे-पांढरे पट्टे उसने घालून खेळला. तेथे केवळ भेद होता, सोस्यूरच्या चिन्हासारखा. नारिंगी मात्र निवडलेला होता, आणि निवडीला अर्थ विचारला जाणारच. गंमत अशी, की महाराष्ट्रात निळा आंबेडकरी चळवळीचा. संघाच्या निळ्यात तो अर्थ सहसा कोणी शोधत नाही.