रांगेत आपला नंबर कितवा?

मागच्या रविवारी भाचा जेवायला आला होता. चाकणला एका व्हेंडर कंपनीत तो क्वालिटीला आहे. महिन्याला चार पैसे मागे टाकतो आणि डिमॅट खातं खिशातल्या मोबाइलमध्ये घेऊन फिरतो. हात धुऊन आल्या आल्या त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. "मामा, तुमचं सगळं आयुष्य फायबर जोडण्यात गेलं. सांगा, हा घेऊ का? दोनशे नव्वदचा शेअर आज केवढ्याला मिळतोय बघा. घरोघर फायबर येतंय. आणि टाटांचा आहे."

स्क्रीनवर नाव होतं टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) लिमिटेड. बाजारातली मंडळी तिला टीटीएमएल म्हणतात.

मी काही शेअर बाजारातला जाणकार नाही. भोसरीत माझा एक गाळा आहे. फायबर जोडायची दोन स्प्लायसिंग मशीन, गळती शोधणारा एक ओटीडीआर, एक जुना टेम्पो आणि चार पोरं एवढाच पसारा. चर खणणारे पुढे जातात, डक्ट टाकणारे त्यांच्या मागून, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. केबल सोलायची, आतली केसासारखी काच अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरवर कापायची, मशीनमध्ये टोकाला टोक भिडवायचं. एक ठिणगी, झालं. कापलेला तुकडा मात्र जपून डब्यात टाकायचा, कारण बोटात घुसला तर दिसत नाही, नुसता खुपत राहतो. वीस वर्षं मोशी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात हेच केलं. म्हणूनच भाच्याला वाटलं, मामाला कळत असणार.

मला जे कळतं ते एवढंच: चर दिसते, ग्राहक दिसत नाही. रस्त्याकडेला डक्टची भेंडोळी पडली की येणाराजाणारा समजतो, कंपनी जोरात आहे. त्या वेळी खरं तर कंपनीचा खिसा रिकामा होत असतो. खोदाईची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे, डक्ट, केबल, आमची मजुरी, सगळं आधी जातं. येणं सुरू होतं नंतर, तेही महिन्याच्या महिन्याला, थेंबाथेंबाने.

आणि ते येणं वाटून घ्यायला शेजारी दुसरे बसलेलेच असतात. मोशीतल्या एका सोसायटीच्या शाफ्टमध्ये मी तीन कंपन्यांचे डबे एकाखाली एक लावलेले पाहिलेत. दोनशे फ्लॅट. तिघांनीही इमारतीपर्यंत केबल आणायचा खर्च पूर्ण केला, पण फ्लॅट तिपटीने वाढले नाहीत. मग एकाने दोन महिने फुकट दिले, दुसऱ्याने वर ओटीटी दिलं. राहणाऱ्यांची चंगळ झाली. तिन्ही कंपन्यांच्या भागधारकांना कुणी विचारलं नाही.

कारखान्याचा हिशेब वेगळा. चाकणमधला मोठा कारखाना लीज्ड लाइन घेताना दोन वेगळ्या कंपन्यांकडून, दोन वेगळ्या वाटांनी घेतो. तळेगाव चौकाकडे जेसीबीने एक केबल तोडली तरी दुसरीवर डिस्पॅचची बिलं निघत राहावीत म्हणून. असा ग्राहक दोन-पाचशे रुपयांसाठी कंपनी बदलत नाही. टीटीएमएलचा आजचा धंदा हाच आहे, कंपन्यांना फायबरवरून इंटरनेट आणि फोनसेवा विकण्याचा. धंदा म्हणून मला तो वाईट दिसत नाही. भाच्याचा घोळ पुढेच आहे. धंदा बरा म्हणजे शेअर बरा, असं त्याने धरून चाललंय.

या कंपनीचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे. आधी ती ह्यूजेस कंपनीची होती. 'ह्यूजेस टेलिडॉटकॉम' नावाने २००० साली तिने लोकांना शेअर विकले. २००२ च्या अखेरीस टाटांनी ती घेतली, २००३ मध्ये आजचं नाव आलं. पुढे टाटा इंडिकॉमचा 'वॉकी' फोन घरोघरी दिसू लागला, मग डोकोमोचं सेकंदाला एक पैसा आलं. तंत्रज्ञान बदललं, स्पर्धा भडकली, कर्ज साचत गेलं. १ जुलै २०१९ ला मोबाइलचा धंदा भारती एअरटेलकडे गेला. कर्ज मागेच राहिलं. त्या व्यवहारात टीटीएमएलच्या भागधारकांना काय मिळालं, हे भाच्याला ठाऊक नव्हतं. २,०१४ शेअरमागे एअरटेलचा १ शेअर. ज्याच्याकडे शंभर होते त्याच्या वाट्याला अख्खा एकही येत नव्हता.

मार्च २०२० मध्ये हा शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. कोविडनंतर तो उठला आणि २०२१ च्या शेवटी वरचेवर अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या वाढीची कमाल मर्यादा, लागू लागलं. जानेवारी २०२२ मध्ये तो दोनशे नव्वदला टेकला. कंपनीचे शेअर १९५ कोटी आहेत, म्हणजे त्या दिवशी बाजार तिची किंमत ५६ हजार कोटींच्या पुढे लावत होता. वर्षाचं उत्पन्न होतं अकराशे कोटींच्या घरात. तोटा त्याहून थोडा जास्तच, कारण व्याज आणि तत्सम खर्चाचा आकडाच उत्पन्नाहून मोठा होता. म्हणजे फायबरवरचे सगळे ग्राहक वेळेवर पैसे भरत होते आणि तरी ते सगळे पैसे व्याजालाही पुरत नव्हते.

त्याच जानेवारीत कंपनीने सरकारी देण्यांवरच्या व्याजाच्या बदल्यात सरकारला शेअर द्यायचं ठरवलं. कंपनीच्या हिशेबाने ते व्याज ८५० कोटी होतं आणि सरकारचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जाणार होता. दूरसंचार खात्याने आकडा काढला १९५ कोटींचा. १ फेब्रुवारीला कंपनीने तो विचार सोडला. शेअर तोवर घसरणीला लागला होता. मार्च २०२३ मध्ये तो साठच्याही खाली होता. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. ताळेबंद वर जातानाही सगळ्यांसमोर होता आणि खाली येतानाही. तो उघडून बघायचा राहिला, एवढंच.

आता 'टाटांचा आहे' या वाक्याकडे येतो, कारण आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ते नुसतं वाक्य नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, टेल्कोत होते. त्या काळी मुलगा टेल्कोत लागला म्हणजे पोरीच्या बापाला दुसरं काही विचारावं लागत नसे. निगडीतलं आमचं घर त्या पगारावर उभं राहिलं, माझी आयटीआयची फी त्यातूनच भरली गेली. २००३ मध्ये टेल्कोची टाटा मोटर्स झाली, पण अण्णांच्या तोंडी शेवटपर्यंत टेल्कोच. त्या नावावर शंका घ्यायची म्हणजे देव्हाऱ्यातला देव तपासायला काढण्यासारखं.

मी शंका घेत नाही. टाटा आपलं नाव बुडू देत नाहीत, हे टीटीएमएलमध्येही खरंच ठरलं. समूह पाठीशी उभा राहिला, बँकांचे पैसे थकले नाहीत. पण या भलेपणाचा लाभ कोणाला झाला? ज्यांनी कर्ज दिलं त्यांना. ज्यांनी सेवा घेतली, ज्यांना पगार मिळाला, त्यांना. अण्णांचा भरवसा पगाराचा होता, आणि कंपनीकडून पैसे मिळण्याच्या रांगेत पगार पुढे असतो. भाच्याने तोच भरवसा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

ही रांग मला पुस्तकातून कळलेली नाही. काही वर्षांपूर्वी मी एका टेलिकॉम कंपनीचं काम केलं. नाव घेत नाही. नाशिक रस्त्याच्या कडेने रात्री रात्री बसून जोडण्या केल्या. ४ लाख १८ हजारांचं बिल अडकलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे मी येणं मागण्याचा फॉर्म बी भरला. ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतात आम्हाला, म्हणजे माल किंवा सेवा देऊन पैसे अडकलेले. वकिलाने कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. सगळ्यात वर या प्रक्रियेचाच खर्च. मग कामगारांचे दोन वर्षांपर्यंतचे पगार आणि तारण घेऊन बसलेल्या बँका. मग इतर नोकरदार, बिनतारणाचे सावकार, सरकार. त्यांच्याही खाली आमच्यासारखे. मी विचारलं, "आमच्या खाली कोणी आहे का?" तो म्हणाला, "आहेत ना. शेअरवाले."

घेणेकऱ्यांची यादी वेबसाइटवर लागली तेव्हा मी माझं नाव शोधून काढलं. बँकांची नावं होती, टॉवरवाले होते, डिझेलवाले होते, मी होतो. शेअरवाल्यांची यादीच नव्हती. मला आजवर पैसा मिळालेला नाही, पण निदान माझं नाव तरी छापलं होतं.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी कर्ज काढून जमिनीखाली आणि समुद्राखाली फायबर अंथरलं. इंटरनेट वाढणार, हा त्यांचा अंदाज बरोबर होता. तरी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग आणि वर्ल्डकॉम या दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. टायको कंपनीने दोन अब्ज डॉलरहून अधिक ओतून बांधलेलं समुद्राखालचं जाळं आपल्याच विदेश संचार निगमने, तेव्हा ती टाटांकडे आली होती, अवघ्या १३ कोटी डॉलरना उचललं. तो व्यवहार २००५ मध्ये पुरा झाला. विहीर एकाने खणली, पाणी दुसऱ्याच्या शेताला गेलं. त्या वेळी शहाणपणा कसला होता? फायबरवर विश्वास ठेवण्याचा नाही, तो दोघांचाही होता. खणून झाल्यावर, स्वस्तात घेण्याचा.

भाच्याने मग दुसरी वाट काढली. "बरं, केबल बनवणारी घेतो. खणणारा बुडाला तरी केबलवाल्याला पैसे मिळतातच." हे तसं बरोबर आहे, पण नीट बघून. फिनोलेक्स केबल्सचं कार्यालय इथेच, पिंपरीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. फायबरची केबल ती बनवते, पण तिच्या विक्रीचा मोठा हिस्सा घरात भिंतीतून जाणाऱ्या विजेच्या वायरींचा आहे. म्हणजे फायबर म्हणून घ्यायला जावं आणि हाती बांधकामाचा धंदा यावा. तो वाईट नाही, पण आपण काय घेतलं हे माहीत असावं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने गावोगाव फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या नव्या टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी दिली. ती बातमी वाचून शेअर घेणाऱ्यांनीही हेच विचारावं: यातलं काम कोणाला, बिल किती दिवसांनी निघणार, आणि तोवर व्याज कोण भरणार?

माझ्या ओटीडीआरमध्ये केबलच्या एका टोकातून उजेड सोडला की पडद्यावर रेघ उमटते. कितव्या किलोमीटरला किती उजेड गळला ते दिसतं. गळती आहे की नाही हे मी कंपनीच्या नावावरून ठरवत नाही. भाच्याला मी वार्षिक अहवालाची तीनच पानं उघडायला सांगितली: एकूण कर्ज किती, कामकाजातून उरलेल्या पैशात वर्षाचं व्याज निघतं का, आणि भागधारकांच्या नावे शिल्लक आहे की उणे. टीटीएमएलची शिल्लक बरीच वर्षं उणे आहे. त्याने पाहिलं आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, २०२० मध्ये दोन रुपयांना घेणाऱ्याने तर कमावलेच ना?" कमावले. ते मी नाकारत नाही. पण त्याने फायबर विकत घेतलं नव्हतं, पुढचं गिऱ्हाईक विकत घेतलं होतं. ते गिऱ्हाईक आपण व्हायचं का, एवढंच ठरवायचं असतं.

घेतला का नाही, ते मी विचारलेलं नाही. पैसे त्याचे आहेत.

त्याच आठवड्यात रात्री अकराला फोन आला, मोशीच्या पुढे कट आहे. रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल ओढली होती. गेलो. चेंबरचं झाकण उचललं, पाणी उपसलं, जॉइंट क्लोजर वर घेतलं, आणि त्याच्या टॅगवर मार्करने लिहिलेलं माझंच अक्षर दिसलं. त्या बुडालेल्या कंपनीची केबल होती. मालक आता दुसरा. आत मी घातलेल्या बारा स्लीव्ह निळ्यापासून ओळीने तशाच बसलेल्या. नव्या मालकाच्या माणसाने विचारलं, "जुना जॉइंट ठीक आहे का, का बदलायचा?" मी मशीन लावून पाहिलं. गळती नावालाही नव्हती. म्हटलं, राहू द्या, आणि तुटलेलं टोक सोलायला घेतलं. या वेळी निम्मे पैसे मात्र आगाऊ घेतले होते.