शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के!

अहमदपूरला बसस्टँडजवळ माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पेन ड्राइव्हमधून सारखे व्हायरस यायचे म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या उत्साहाने तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं. व्हायरस गेले. पण या दिवाळीत मी दुकानात बसलो असताना एक मुलगी रडत आली. आदल्या संध्याकाळी स्कॅन करून नेलेली कागदपत्रं तिच्या पेन ड्राइव्हवर नव्हती. फायलींची नावं होती, आत शून्य बाइट. अर्जाची मुदत रात्री बारालाच संपली होती.

काका मला म्हणाले, "शंभर टक्के झालं म्हणून दाखवायलं होतं की रे. मग खोटं कशाला बोलायलंय तुझं मशीन?"

'इजेक्ट न करता काढला असेल,' हे आपलं नेहमीचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते गिळलं. कारण मशीन खरोखरच खोटं बोललं होतं.

आत काय होतं बघा. फाइल कॉपी केली की लिनक्स ती आधी रॅममध्ये ठेवतं, 'झालं' म्हणतं आणि ड्राइव्हवर सवडीने लिहितं. नेहमीच्या सेटिंगला ही सवड ३० सेकंदांपर्यंत जाऊ शकते. हार्ड डिस्कसाठी हे उत्तम, ती कोणी उपटून नेत नाही. पेन ड्राइव्ह तर उपटण्यासाठीच जन्माला आलाय!

आपण खूप पुढे आलो, मान्य. एके काळी रूट होऊन माऊंटची कमांड मारावी लागायची. २००४ च्या सुमारास रॉबर्ट लव्हच्या 'प्रोजेक्ट युटोपिया'ने हे सोपं करायचा ध्यास घेतला. आज ते काम यूडिस्क्स चोख करतं. म्हणजे ड्राइव्ह लावणं सोपं झालं, काढणं राहूनच गेलं.

गंमत म्हणजे औषध घरातच आहे. फॅटसाठी 'फ्लश' नावाचा पर्याय आहे, लिहायचं ते लवकर लिहून टाकणारा. यूडिस्क्स तो स्वतःहून लावतं. पण फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही, म्हणून मोठे ड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट नाहीतर एनटीएफएसचे असतात. तिथं हा पर्याय लागत नाही. त्या मुलीचा ड्राइव्ह एक्सफॅटचाच होता.

यावर आमच्या जमातीची दोन ठरलेली उत्तरं. एक, 'सिंक केलं की स्पीड पडतो.' अहो, दर ब्लॉकला सिंक करा असं कोण म्हणतंय? फाइल मॅनेजरने शेवटी एकदा एफसिंक करावं आणि मगच शंभर टक्के दाखवावं. पट्टी हळू सरकेल, सरकू दे. विंडोजने २०१८ साली १८०९ आवृत्तीत स्पीडचा तोटा पत्करून 'क्विक रिमूव्हल' डीफॉल्ट केलंच ना?

दुसरं, 'युजरला शिकवा.' कोणाला? काकांना शिकवीन. पण ड्राइव्ह गिऱ्हाईकाचा, आणि त्याला पुढची एसटी गाठायची असते. तो आमचा युजरसुद्धा नाही!

पैसे गल्ल्यात पडल्याशिवाय काका पावती फाडत नाहीत. एवढा साधा हिशेब आम्हा इंजिनिअरांना कळू नये?

असो. यूडिस्क्सच्या सेटिंगमध्ये एक्सफॅटला 'सिंक' लावून आलोय. तात्पुरता इलाज. कॉपी आता रडतखडत चालते, पण काकांची तक्रार नाही. त्या मुलीचा अर्ज मात्र गेला तो गेलाच.